मीठपेठेतला चकवा

ऐका. सरका जरा पुढं, मागच्यांना ऐकू यायचं नाही. आणि तो कंदील बारीक करा, डोळ्यांवर येतोय. हां. आता ऐका.

मीठपेठ तुम्ही सगळ्यांनी बघितली आहे. दिवसा. वरच्या माळावर दोन टोकांना दोन दगडी वेशी, जकातीचं नाकं, पायऱ्यांची बारव, आणि मधोमध फरसबंदी रस्ता. दोन्ही अंगाला पडकी दुकानं, पडकी घरं. सरकारनं निळा फलक लावलाय, शाळांच्या सहली येतात, पोरं उड्या मारतात. छान जागा आहे. दिवसा!

एके काळी घाटाखालून मिठाच्या गोण्या लादून बैलांचे तांडे तिथं यायचे. मग प्लेग आला. माणसं चुली तशाच टाकून रानात पळाली, ती परत गेलीच नाहीत. ज्यांना उठवत नव्हतं, ती मागं राहिली. राहिली म्हणजे काय, ते तुम्हीच समजून घ्या.

त्या पेठेवर राखणदार होता केरबा घाडगे. सरकारनंच नेमला होता. रोज सकाळी जायचं, वहाणा वेशीत काढायच्या आणि एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत सगळा रस्ता झाडून काढायचा. गवत उपटायचं, गुरं हाकलायची, ऊन कलायच्या आत घरी. अबोल माणूस. पहिल्यापासून नव्हता हो तसा. त्याची बायको अनसा, ती बाळंतपणात गेली. पोरगी जगली. ठकू.

आणि ऐका, केरबानं त्या लेकराला कधी उचललं नाही. हातात घेतलं नाही, नावानं हाक मारली नाही. म्हातारी आई सांभाळायची. अनसाचं सरण पेटलं तेव्हा हा एकटाच पुढं गेला होता. काहीतरी पुटपुटला. काय पुटपुटला ते कोणालाच ऐकू गेलं नाही. निदान लोकांना तसं वाटलं.

ठकू नुकती चालायला लागली होती. एके दिवशी तिला ताप चढला. असा ताप की अंगावर हात ठेववेना. म्हातारी म्हणाली, "केरबा, पोर भाजून निघालीया. तालुक्याला जा, औषीद आन."

केरबा उठला. निघताना पोरीनं त्याचं बोट धरलं. निखाऱ्यासारखा हात. त्यानं बोट सोडवून घेतलं आणि निघाला.

म्हातारी मागून ओरडली, "येताना खालच्या रस्त्यानं ये रं! पेठेतनं येऊ नगंस!"

दवाखान्यात गर्दी. औषधाची बाटली हातात पडेपर्यंत दिवस बुडाला. खालचा रस्ता ओढ्याच्या कडेनं, लांबचा. पेठेतला जवळचा. केरबानं विचार केला, रोज जातो की आपण तिथं. आपल्याला कशाचं भ्या? बाटली बंडीच्या खिशात घातली आणि माळ चढला.

तालुक्याकडच्या वेशीत शिरला. शांत. चांदणं पडलेलं. नाकं गेलं, बारव गेली, घरं गेली, समोर आपल्याकडची वेस दिसली. पटपट चालला, वेशीतून बाहेर पाऊल टाकलं, आणि बघतो तर काय! परत तालुक्याकडच्या वेशीत! समोर नाकं, पुढं बारव.

चकवा! चकवा म्हणतात तो हाच.

केरबा परत चालायला लागला. आता कुठून तरी घुंगरं वाजायला लागली. बैलांच्या गळ्यातली. लांबून जवळ, जवळून अगदी बाजूला. बैल एकही नाही. नाक्याच्या खिडकीत दिवा लागला होता. आतून कोणीतरी विचारलं, "किती गोण्या?" केरबानं ओ दिली नाही. शहाणा होता. वेस ओलांडली. परत तिथंच!

आता सगळी पेठ पेटली होती. अरे, दुकानादुकानात दिवे! मिठाचे पांढरे ढीग. तळणीचा वास. माणसंच माणसं! पण एकाचंही तोंड दिसेना. जो तो पाठमोरा. केरबा पुढं गेला की तो माणूस तेवढाच वळायचा. पाठच दिसायची.

केरबानं धोतर वर खोचलं. तो पळायला लागला. आणि पळता पळता गपकन थांबला.

एका घराच्या दारात अनसा उभी होती.

हिरवं लुगडं. पदर खोचलेला. कपाळावरचे केस मनगटानं मागं सारायची सवय होती तिला, तसेच सारले. आणि हिचं तोंड दिसत होतं. सगळ्या पेठेत हिचंच.

"आलासा व्हय? किती येळ केला!"

"अनसा? तू?"

"मग कोन? उंबऱ्यात हुबं ऱ्हाऊ नगा. पाय धुवा. भाकरी टाकलीया."

आता तुम्ही म्हणाल, कळत कसं नव्हतं त्याला? कळत होतं हो. सगळं कळत होतं. पण ज्या माणसाला परत बघायला मिळावं म्हणून रात्र रात्र छत बघत पडायचा, ते माणूस समोर उभं राहून भाकरी टाकलीया म्हणतंय. कळून काय करायचं?

केरबा वहाणांसकटच आत गेला. पाटावर बसला. चूल ढणढणा पेटलेली. अनसानं ताट वाढलं, समोर बसली. तो नुसता तिच्याकडं बघत राहिला. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, ते पुसायचंही भान नाही. भाकरीचा तुकडा मोडला. तेवढ्यात तिचं लक्ष खिशाकडं गेलं.

"ही बाटली कसली?"

"औषीद हाय. ठकूला."

"कोन ठकू?"

केरबाचा हात तिथंच थांबला. "आपली पोरगी. तापानं फणफणलीया."

अनसा हसली. गोड हसली. "आपल्याला कुठली पोरगी? आपल्यात तिसरं कोन बी न्हाई. तुमीच म्हनला हुता न्हवं, सरणाजवळ? पोर नको हुती, तू हवी हुतीस म्हनून. मी ऐकलं. म्हनून तर आले. टाका ती बाटली आन् जेवा."

बघा! त्या दिवशी जे पुटपुटला, ते हेच. कोणी ऐकलं नव्हतं. ऐकणाऱ्यानं ऐकलं होतं.

केरबा नंतर म्हणाला, खोटं कशाला सांगू, तो घास मी तोंडापर्यंत नेला होता. बाटली खाली ठेवायला वाकलोही होतो. मग माझ्या ध्यानात आलं, समोर चूल पेटलीया आणि मला ऊब लागेना. भाकरी तव्यावरची, आणि हातात गार दगड. सगळं घर गार. माझ्या अंगात एकच जागा गरम होती. पोरीनं धरलेलं बोट.

त्यानं घास खाली ठेवला, बाटली परत खिशात घातली. उठला.

"अनसा, मला जाऊ दे. पोर वाट बघत आसंल."

झालं! दार गेलं. दाराच्या जागी भिंत! बाहेरची घुंगरं कानठळ्या बसवायला लागली. भिंतीला भगदाडं पडली आणि त्यातनं ती पाठमोरी माणसं एकदम वळली. तोंडं नव्हतीच त्यांना! घासून गुळगुळीत केलेल्या दगडासारखं सपाट सगळं. एकेक हात पुढं यायला लागला, आणि आवाज उठला, आम्हांला टाकून गेले, तू तरी थांब, थांब, थांब!

आणि अनसा? ती काही अक्राळविक्राळ झाली नाही. झाली असती तर बरं झालं असतं. ती होती तशीच राहिली. नुसती रडायला लागली. त्याचं धोतर धरून म्हणाली, "मला एकलीला टाकून चाललासा?"

केरबानं वहाणा भिरकावल्या आणि डोळे मिटून घेतले. घट्ट! डोळे फसतात, पण पाय? इतकी वर्षं अनवाणी झाडलेला रस्ता. कुठला दगड कलता, कुठला झिजलेला, पायांना सगळं पाठ होतं. भिंत होती तिथं पाऊल टाकलं. भिंत नव्हतीच. पायाखाली उंबरा लागला. मग पन्हळ. मग रस्त्यातली फुटकी फरशी. हात अंगाला झोंबत होते, बंडी फाटत होती, केरबानं खिशावर तळवा दाबून धरला. डोळे उघडले नाहीत.

वेशीची खाच पायाला लागली. आणि मागनं शेवटचा आवाज आला. भुतासारखा नाही. रोजच्यासारखाच.

"आवं... भाकरी गार हुतीया."

तिथं केरबा थांबला. थांबला, बरं का! मान वळवली असती तर संपलंच होतं. पण त्यानं ओठ दाताखाली धरला आणि पाऊल बाहेर टाकलं.

घरी पोचला तेव्हा पाय रक्ताळलेले, बंडीच्या चिंध्या. म्हातारी काही विचारायच्या आत त्यानं ठकूला उचलून मांडीवर घेतलं. औषध पाजलं. सकाळपर्यंत खाली ठेवलं नाही. म्हातारीनं घ्यायला हात पुढं केला तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे. माझीच हाय ती."

ताप उतरला. पोर वाचली.

राखणीचं काम त्यानं सोडलं नाही. रोज सकाळी जायचा, झाडायचा. त्या घराशी आला की झाडू थांबायचा. आत काही नव्हतं हो. छप्पर नाही, चूल नाही, बाभळी उगवलेल्या. तरी उंबरा हातानं पुसायचा.

हे सगळं त्यानं फक्त एकीला सांगितलं, ठकूला, ती लग्न होऊन सासरी निघाली तेव्हा. मी तिच्याच तोंडून ऐकलं. केरबा तिला म्हणाला, "पोरी, तुझ्या आईला मी दोनदा सोडली. एकदा सरणावर, एकदा पेठेत. पहिल्यांदा ती बोलत नव्हती."

म्हणून सांगतो, दिवस बुडाल्यावर त्या वाटेला जाऊ नका. कितीही घाई असू दे. तुमच्यातलं ज्याचं कोणी गेलंय, त्यानं तर नाहीच नाही. तिथं तुम्हाला कोणी भिववायचं नाही. तिथं तुम्हाला जेवायला वाढतील.

चला, उठा. आणि हो, खालच्या रस्त्यानंच जा सगळे. लांब पडला तर पडू दे.