बायोडाट्यातला कॉस्टरमाँगर

अमरावतीहून अकोल्याला निघालेल्या एसटीत माणिकबाईने वांग्यांची टोपली मांडीवर घेतली आणि पुढच्या सीटवरच्या बापलेकीकडे कान लावले.

"बाबा, दादाच्या बायोडाट्यात धंदा लिवला, कॉस्टरमाँगर."

"हे काय असते वं?"

"जुनं इंग्रजी हाये. कॉस्टर्ड म्हंजे मोठं सफरचंद, माँगर म्हंजे विकणारा. मंग गाडीवर फळं-भाजी विकणाऱ्या साऱ्यायलेच तसं म्हणू लागले."

"म्हंजे भाजीवालाच ना! मंग सीधं काहून नाई लिवत?"

"भाजीवाला म्हटलं का पोरीवाले फोन ठेवतात. आता पाहा, अकोल्यात जठारपेठेतल्या पोरीवाल्या पाहुण्यानं चहाले बोलावलं."

"थो पाहुणा काय करते?"

"भाजीच विकते. म्हणूनच तं त्याले भाजीवाला जावई नाई पायजे."

माणिकबाई पुढे वाकली.

"पोरी, थो शब्द मले बी लिवून दे. घरी लग्नाचे दोन पोट्टे हायेत."