चारी चाकांना जोर

उठू नकोस, मिस्तरी, उठू नकोस. तू आपला गाडीखाली पडलेला राहा, मला तुझे पाय दिसताहेत तेवढे पुरेत. — नाही रे, गाडी न्यायला नाही आले. मला कुठं चालवता येते? लेक गेलाय काचा पोचवायला, भाड्याचा टेम्पो घेऊन. त्याची गाडी आठ महिने तुझ्या दारात ठोकळ्यांवर उभी, मग तो तरी काय करणार? मी आले चालत. हो, चालत, एवढं लांब! गुडघे? गुडघे माझे घरातच दुखतात, बाहेर पडले की बरे असतात, पण हे तू कुणाला सांगायचं नाहीस. मी इथं आले होते हेही सांगायचं नाही. लेकाला नाही आणि सुनेला तर अजिबात नाही, तिचे कान म्हणजे चाळणी उलटी, सगळं आत राहतं. मला फक्त एवढंच विचारायचं होतं — विचारायचं म्हणजे काय, सहज आपलं — की तू खरंच परवा गाडी देणार आहेस का?

अरे, असं 'हो' काय म्हणतोस छाती फुगवून! आठ महिने तू 'उद्या' म्हणालास. लेक इथून येऊन रोज चरफडायचा, मिस्तरीनं आज पण फसवलं म्हणायचा, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून तुला आशीर्वाद द्यायचे. म्हणायचे, आहे एक माणूस जगात ज्याच्यावर भरवसा ठेवावा. सगळा बाजार सांगतो ना, ह्याच्याकडे गाडी दिली की नातवाच्या लग्नाला मिळते — मग? माझ्याच वेळी कसा रे तुला कामाचा उमाळा आला?

मला समजावून नको सांगूस, मला सगळं समजलंय. लेकानं जेवताना चार वाट्या मांडून शिकवलं. ही गाडी म्हणे आजवर मागच्या दोन चाकांच्या जोरावर चालायची, पुढची दोन नुसती वळायला. मी म्हटलं, म्हणजे आपल्या घरासारखंच की — दोघांनी राबायचं आणि दोघांनी दिशा दाखवायची. सून हसली, लेक नाही हसला. तर आता मधोमध एक डबा बसवायचा, त्यातून एक दांडा मागं, एक दांडा पुढं, पुढच्या चाकांना भंगारातल्या कुठल्याशा जीपचा आख, आणि आत बसून तरफ ओढली की चारी चाकांना जोर. मग म्हणे गाडी भिंतसुद्धा चढेल. मी विचारलं, भिंतीवर कुणाचं घर आहे? — तू हसतोस, पण सांग ना, काचा पोचवणाऱ्या माणसाला हे कशाला हवं? काचवाल्याला काय लागतं? सपाट रस्ता लागतो, बेताचा वेग लागतो. आणि ह्यानं गाडी एवढी उंच करून घेतली की काच चढवायला खाली एक आणि वर एक माणूस लागणार. सूनबाईंनी नेमकं हेच विचारलं. तर हा पठ्ठ्या म्हणाला, 'आईसाठी करतोय.' आता आईसाठी म्हटल्यावर कुणाची टाप आहे बोलायची! सुनेनं तोंड मिटलं. मीही मिटलं. तिच्यापेक्षा मला जास्त जड गेलं.

कारण मुंगी. मुंगी म्हणजे माझी धाकटी बहीण. तिचं खरं नाव आता तिलाही आठवत नसेल, लहानपणापासून सारखी काहीतरी उचलून चाललेली असायची म्हणून मुंगी. वरच्या गावात राहते, डोंगरावर, आईच्या घरात. लग्न करून खाली आले ती मी, आणि आईपाशी राहिली ती. चौदा वर्षं झाली आम्हाला भेटून. चौदा! शेजारणीला विचार, दूधवालीला विचार, कुणालाही विचार, सांगतील तुला, म्हातारी बहिणीसाठी झुरते. दर वर्षी झुरते मी. खिडकीत बसते, डोंगराकडं बघते, म्हणते, काय करणार बाई, रस्ता वाईट, आमची गाडी चढत नाही. लोकांचे डोळे भरून येतात. माझेपण येतात, मी काही ढोंगी नाही. — बस? बस जाते रे, फाट्यापर्यंत. पुढं उभा चढ, खडी, घसरगुंडी. — जीपवाले जातात, हो, जातात की. पण परक्याच्या गाडीत मी बसत नाही. — कधीपासून? आता तू पोलीस आहेस का मिस्तरी? आणि ती तरी कुठं उतरते खाली? तिच्या शेळ्या आहेत. शेळ्यांना कोण बघणार, म्हणते. वर्षातून दोनदा फोन होतो आमचा. मी विचारते शेळ्या कशा आहेत, ती विचारते रस्ता कसा आहे. शेळ्या ठीक असतात, रस्ता वाईट असतो. फोन ठेवतो. किती छान चाललं होतं सगळं!

घात केला तो गेल्या वर्षी. लेकाला सुट्टी होती, म्हणाला, चल आई, आज बघूच कशी चढत नाही ती. मला पुढं बसवलं. सांगते तुला, फाटा येईपर्यंत मी तीनदा म्हटलं की चूल तशीच राहिली. गॅस आहे आमच्याकडे. पहिलं वळण चढलो, दुसऱ्या वळणावर आलो, आणि मागची चाकं लागली फिरायला जागच्या जागी — घर्रर्र, खडी मागं उडतेय, धूर, वास, गाडी तसूभर पुढं नाही. रिकामी गाडी ना, मागं वजन नाही, चाकं धरतील कशाला? त्यानं चारदा केलं. पाचव्यांदा गाडी मागं यायला लागली तसं त्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. आणि मी रडले. एवढी रडले, एवढी रडले की रुमाल पुरेना. — कशानं म्हणून काय विचारतोस! सुटले म्हणून रडले! पण लेकानं बघितलं, आई हुंदके देतेय, बहिणीच्या दारातून परत फिरावं लागलं म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन तुझ्याकडे आला. तेव्हा हे जे तू आख न् दांडे बसवतो आहेस ना गाडीला, ते माझ्या डोळ्यांतल्या पाण्यावर बसवतो आहेस. मुलगा चांगला निघाला की असं होतं बघ. वाईट निघाला असता तर 'मरू दे' म्हणाला असता, आणि मी सुखानं झुरत बसले असते.

म्हणून म्हणते, एखादा महिना काढ. तुला अवघड आहे का? एखादा नट सापडत नाही म्हण. डबा गळतोय म्हण, तेल टिपूस टिपूस गळतंय असं सांग, तेल गळतंय म्हटलं की बायका काही विचारत नाहीत आणि पुरुष खाली वाकून मान डोलवतात. पाऊस... नाही, पाऊस नको. नट बरा. महिन्याभरात मी बघते काहीतरी, आजारीबिजारी पडते. — अरे, तिच्यावर राग कसला असेल माझा? तिनं काय केलंय? तिनं काहीच केलं नाही, हीच तर अडचण आहे. तिनं भांडण केलं असतं तर मी कधीच गेले असते. भांडायला मी कुठंही जाते.

तू हातोडी ठेव जरा बाजूला, डोक्यात जातोय आवाज. — सांगते ना. आई होती तोवर मी जायचे वर. शेवटी शेवटी आईला माणसं कळेनाशी झाली. मुंगी कळायची फक्त. एकदा मी गेले, पाय दाबत बसले दुपारभर, तर आईनं मुंगीला विचारलं, ही बाई कोण गं, बरी आहे, हिला चहा दे. आणि मुंगी हसली. वाईट नाही हसली, माणूस दमला की हसतो ना, तसं. पण मला लागलं. पहिली लेक मी तिची, आणि मी 'ही बाई'! मी चहा न घेता उतरले. मग दोन महिन्यांनी निरोप आला, आईचं काही खरं नाही, ये. आणि मी — तेव्हा वर फोन लागत नव्हता — मी खाली किराणा दुकानदाराकडे गेले, मला लिहिता येत नाही, त्याच्याकडून पत्र लिहून घेतलं. की दरड कोसळलीय, रस्ता बंद आहे, नाहीतर अशी धावत आले असते. त्यानं काय सुरेख लिहिलं! मला वाटलं होतं त्यापेक्षा मी पत्रात जास्त दुःखी होते. टाकलं पेटीत. दुसऱ्या दिवशी पोस्टमन सायकल ढकलत त्याच रस्त्यानं वर गेला आणि पत्र मुंगीच्या हातात दिलं. रस्ता बंद असल्याचं पत्र, मिस्तरी, रस्त्यानं गेलं.

तिसऱ्या दिवशी आई गेली. — नाही. तेव्हाही नाही गेले. कशी जाणार? रस्ता बंद म्हणून मीच कळवलेलं, मग दोन दिवसांत कसा उघडला म्हणून सांगू? दरड मोठी पाडली होती मी. मुंगीनं एकटीनं केलं सगळं. आठवड्यानं कुणाच्या तरी बरोबर फाट्यावर येऊन तिनं दुकानातून फोन केला. मला वाटलं आता बोलेल, आता बोलेल. म्हणाली, 'पत्र मिळालं. पोस्टमनला चहा दिला.' एवढंच. त्यावर चौदा वर्षांत एक अक्षर नाही. दर वेळी फोनवर 'रस्ता कसा आहे' एवढंच विचारते, आणि ती तो प्रश्न कसा विचारते हे मला आजवर कळलेलं नाही. साधा विचारते की... आता परवा तुझी ही गाडी तरफ ओढून सरळ तिच्या अंगणात जाऊन उभी राहणार. लेक म्हणणार, मावशी, बघ कुणाला आणलं! मी उतरणार. उंच केलीस ना गाडी, दोघांनी धरून उतरवणार मला. आणि मी तिला काय सांगू? सांग ना. तू चार गाड्या खोलून जोडतोस, तुला एवढं सुचत नाही?

काय झालं? बाहेर कशाला आलास? हात पूस आधी. — हसायला काय झालं तुला? मी इथं काळीज काढून ठेवलंय स्टुलावर आणि तू दात दाखवतोस. — कोण? कुणाचा फोन? — कुठली म्हातारी? — वरची?

थांब. थांब, नीट सांग. मुंगीनं तुला फोन केला? तिला तुझा नंबर कुणी — हां, माझ्याच रत्नानं दिला असणार, मावशीला सगळं सांगतो. कधी केला? — चार वेळा! — काय म्हणाली? — गाडी करू नका? करू नका म्हणजे? — सावकाश करा, नट सापडत नाही म्हणा... नट! नट म्हणाली ती? आणि तू ऐकलंस? म्हणजे आठ महिने तू जो उद्या-उद्या करत होतास तो... आणि मी वेडी आशीर्वाद देतेय स्वयंपाकघरात! कारण काय सांगितलं तिनं? — नाही, लपवू नकोस, तू खाली मान घातलीस की मला जास्त कळतं. सांग. जसं बोलली तसं सांग.

'ती येईल, माझ्या गळ्यात पडून रडेल, आणि मग मलाच तिची समजूत घालत बसावं लागेल.'

असं म्हणाली.

आणखी काय म्हणाली? — 'मला तेवढा वेळ नाही, शेळ्या आहेत.'

मी रडेन? मी? समजूत घालायला लागेल, मला? पाच वर्षांची होती तेव्हा कोंबडीला घाबरून माझ्या पाठीमागं लपायची ती! बघ तरी. चौदा वर्षं मी मेली रात्रंदिवस जीव टांगून बसले की हिला तोंड कसं दाखवू, आणि हिला काय चिंता, तर वेळ जाईल! तिला मी नको आहे तर! नको म्हणे! जशी काही मी उठून निघालेच होते! आईच्या घरात आई गेली तशी हीच मालकीण झाली, कुणी यायचं, कुणी नाही — मी थोरली आहे, मिस्तरी. आईची मी थोरली आहे, आणि दारात उभं राहून मला नको म्हणायचं असेल ना, तर माझ्या तोंडावर म्हण म्हणावं. फोनवर नाही, मिस्तरीला नाही. मग मलाही जे सांगायचंय ते मी सांगते, उभी राहून, कोरड्या डोळ्यांनी, तिच्या शेळ्यांसमोर.

परवा नाही. उद्या. उद्या सकाळी. — नट आहेत सगळे, मघाशी डब्यात खुळखुळत होते, मी काही बहिरी नाही. पुढचा आख घट्ट कर, मागचा घट्ट कर, चारी चाकांना जोर पाहिजे मला, एकही चाक नुसतं वळायला ठेवू नकोस. आणि तिचा फोन आला तर सांग — काय सांग? — सांग, तुमची बहीण रोज येते इथं, गाडी कधी होते म्हणून डोकं खाते माझं, जेवूपण देत नाही. हो, खोटं आहे. सांगायला काय जातंय तुझं? माझी काठी दे ती इकडे. नको, सोडायला येऊ नकोस, माझी मी जाईन. बघत काय उभा राहिलास — जा, शीर खाली!