एरंडेल लागलेले शेवट

इकडे ये गो, जवळ बस. तिथे दारात बसून काय लिहिणार तू, वाऱ्याने कागद उडतात नि मग मला परत विचारतेस, आजी काय बोललात, आजी काय बोललात. आधी तो चहा पी, साय धरली बघ त्याच्यावर. आलीस तेव्हापासून वहीतच डोकं, माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाय काय.

हां, तर कुठून सांगू तुला. मी शेवंती, माहेर माझं टोकावडं, रस्त्याच्या वरच्या अंगाला घर. शाळा दुसरीपर्यंत झाली, मग धाकट्या भावाला सांभाळायला घरी ठेवलं. वाचायला शिकली ती एसटीवर. म्हणजे एसटीत बसून नाय, रस्त्याला उभी राहून. भाऊ कडेवर, नि गाडी आली का पाटी वाचायची, मुरबाड, कल्याण, घाटावरची असली तर जुन्नर. वाचून होईपर्यंत गाडी पुढे जायची, मग राहिलेलं अक्षर दुसऱ्या दिवशी. माझं सगळं शिक्षण असं चालत्या गाडीवरचं. म्हणून मला अर्धं राहिलेलं काय बघवत नाय, आतून खाजवत राहतं.

लग्न होऊन इकडे शहापूरच्या अंगाला आली. भात, म्हशी, पोरं, ते सगळ्यांचंच असतं, ते लिहू नको. पुढे बालवाडी नव्या खोलीत गेली नि आपण बसलोय ती ही जुनी खोली मोकळी राहिली, तेव्हा तालुक्याहून एक सर आले, पेटी घेऊन, पेटीत साठ पुस्तकं लहान पोरांची. कोण सांभाळणार विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी बोलली, मी सांभाळते. लोकं हसली. सर नाय हसले. बोलले, आजी, एक वर्ष बघू, जूनला शाळा उघडायच्या आधी मी येईन, पुस्तकं नीट असली नि पोरं वाचत असली तर पेटी तुमच्याकडेच, नायतर दुसऱ्या गावाला देऊ. मी बोलली, बरं.

मे महिन्यात काय मजा असते ती बघायला पायजे तू. पोरं सकाळी रानात करवंदं खाऊन येणार, तर आधी हात धुवा, चीक लागला पानाला तर जात नाय. मग बियांचे प्राणी करायचे, चित्रं काढायची, एक गोष्ट मी मोठ्याने वाचायची, नि जाताना एकेकाने एकेक पुस्तक न्यायचं. वरच्या ठाकूरवाडीतून सोनी यायची, पाचवीतली, काडीसारखी नुसती, पण तिचे प्रश्न काय सांगू तुला. गोष्टीत राजाचा घोडा मेला, तर ही विचारते, आजी, मग त्याला पुरला कुठे नि खड्डा किती जणांनी खणला. घरी येऊन भाकऱ्या थापताना मीपण तोच खड्डा खणीत बसायची.

तर सर यायला पंधरा दिवस, नि एका पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यातून कागद खाणारी कसर निघाली, बारीक, चंदेरी. आता आमच्यात वर्षाचे तांदूळ भरताना एरंडेल चोळून ठेवतात, किडा फिरकत नाय. मी चिंधी घेतली, तेल घेतलं. सून बोलली, आई, ते पुस्तक आहे, तांदूळ नाय. मी बोलली, तू तुझा भात बघ. नि कसर मागून शिरते म्हणून साठही पुस्तकांची मागची चार-चार पानं पुसली नि अंगणात पापडासारखी वाळत घातली. दुपार कलल्यावर बघते तर काय, पानं काचेसारखी, मागचं अक्षर पुढे नि पुढचं मागे, सगळं एकात एक. साठ पुस्तकं गो, नि एकालापण शेवट नाय.

मला वाटलं गपचूप पेटी बंद करावी. पण दुसऱ्या दिवशी पोरं आली, तोंडं उघडून बसली, आजी, काल वाघ पिंजऱ्यात होता, पुढे. मी मग सांगून टाकलं, मी तेल लावलं, माझं चुकलं. एक पोरगी रडायलाच लागली. सोनी रडली नाय, तिने पान नाकाला लावलं, मग उजेडाला धरलं, नि बोलली, आजी, डोक्याला लय तेल झालं का आमची आई पांढरी माती लावते, माती तेल पिते.

मी बोलली, पुस्तकाला माती. ती बोलली, तुमी तेल लावलं तेव्हा चाललं ना.

सोनीने ओढ्याच्या दरडीतली माती आणली, आमी ती वाळवली, सुनेच्या ओढणीतून वस्त्रगाळ केली, नि पानांमध्ये भुरभुरून वर पाटा ठेवला. रोज सकाळी झटकायची, परत नवी. त्या वर्षीचा आमचा उन्हाळा हाच. पोरं पहाटे उठून पळत येत, वाघ सुटला का बघायला. रोज एक-दोन ओळी वर येत, नि ज्याला जेवढी दिसेल तेवढी तो ओरडून सांगी. वाघ सुटला त्या दिवशी मी गूळ वाटला.

सर आले नि पुस्तक उघडलं ते मागूनच. बोलले, वास कसला येतोय. मी तोंड उघडेपर्यंत सोनी बोलली, आजीने तेल लावलं, आमी माती लावली, एकोणसाठ बरी झाली, एक नाय. सर बोलले, ते एक दाखव. ती एका कासवाची गोष्ट, तळं आटतं म्हणून ते दुसरं तळं शोधायला निघतं, नि शेवटचं पान काय केल्या साफ होईना. सर खिडकीत गेले, पान तिरपं धरलं, बोलले, पोचलं वाटतं. सोनी बोलली, नाय सर, ते रस्त्यातच आहे, नीट बघा. दोघं भांडत बसली, बाकीची पोरं त्यांच्या खांद्यावर, नि सरांची एसटी गेली निघून. कळलं तेव्हा सर पेटीकडे बघून बोलले, राहू दे इथेच. नि जाताना, आजी, एरंडेल मात्र तांदळाला.

कासवाचं नवं पुस्तक पाठवतो बोलले होते. सोनीनेच नको सांगितलं, आधी आमाला बघू दे. आता ती आश्रमशाळेत असते, सुट्टीला आली का चप्पल काढायच्या आधी तेच पान उघडते. मी तर रोज बघते. एखाद दिवशी वाटतं पाणी दिसलं कासवाला, एखाद दिवशी नुसती वाट.

झाला तुझा चहा. लिहिलंस सगळं. पण आज आभाळ आलंय, आज काय दिसायचं नाय त्या पानात. ऊन लागतं त्याला, सकाळी अकराचं, त्या खिडकीतून येतं ते. तू परत ये गो, लवकर ये, तुझे डोळे तरणे आहेत. पान उघडून ठेवते.