मामाच्या बांधीत विमान

या प्रवीणनं डोकं पिकवलं माझं. विमान उडवायले शिकवून राह्यलो मी त्याले. टेकऑफच्या आधी रोज मी त्याले विचारतो, "वर उठल्याबरोबर इंजिन बंद पडलं तर?"

"धावपट्टीवर परत वळतो, सर."

"अरे, इतक्या खाली वळशील तर मरशील! समोरच्या शेतात उतरायचं!"

"समोर मामाची धानाची बांधी हाय. उतरलो तर मामा जित्ता सोडत नाई."

शेवटी वैतागून मीच गेलो मामाकडे. हात जोडले. "भाऊ, पोराच्या जिवाचा प्रश्न आहे. खुशाल उतर म्हणून सांगा त्याले."

मामा म्हणाला, "उतरू द्या ना, सर! भाच्यापेक्षा धान मोठं हाय का? फक्त कापणी होऊ द्या, मंग पाडा तुमचं इंजिन बंद."