पाळीवरून येणारी

हॅलो?… हो, पुनाराम बोलून राहिलो. कोण, पुष्पा?… बोल बाई.

लवकर बोल मात्र. या फोनावरच कॉम्प्युटरचं नेट आहे. फोन आला का नेट तुटते… हो, तुझा फोन आला अन् तिकडं सगळं थांबलं. मी पाळीवर उभा होतो, तसाच उभा आहे.

खेळातल्या तलावाच्या पाळीवर, बाई. खरी पाळ तर घराच्या मागं आहे.

नाही जेवलो, आता सांज तर झाली. भात टाकलेला आहे… धान कापणं झालं, चुरून दाणे काढणं बाकी आहे. मजूर भेटून नाही राहिले, अर्जुनीहून आणा लागतीन.

कोणी सांगतलं?… धुरपताबाईनं. ती शेजारीण नाही, गावची पोलीसपाटील आहे… अगं, बसतो मी कॉम्प्युटरसमोर रोज, नाही कुठं म्हणतो? पण दिवा लावत नाही हे खोटं आहे. लावतो. उशिरा लावतो.

हो, हो… ऐक न. तुझी माय होती तेव्हा मीच तिले बोलत होतो. खरं धान बांधीत उभं आहे अन् तू खोटं धान लावून राहिली, असं. ती काय म्हणे, पोरगी पुण्याले आहे, तिच्यासोबत बांधीत जाऊन राहिली मी, तुम्हाले काय करायचं आहे.

तुले आठवते का, आधी जमतच नव्हतं. तुझा खेळ टीव्हीच्या डब्यावर, तिचा कॉम्प्युटरवर. खेळ एकच, पण तू तिले दिसे नाही, ती तुले दिसे नाही. मग कंपनीनं दोन्ही एक केले… हो, ते क्रॉस का काय ते. त्या दिवशी ती चहा करणं विसरली. ‘पुष्पा आली, पुष्पा आली’ म्हणून राहिली, अन् मी फाटकापर्यंत जाऊन पाहून आलो. कोणीच नाही.

अन् तलाव तिनंच बांधला. तू म्हणत होती आधी घर, ती म्हणे कोहळ्याची लेक आहे मी, तलाव बांधणाऱ्या जातीची, आधी पाणी.

काय म्हणते?… नाव बंद करणार म्हणजे?… तिचं. खेळातलं, सुमित्रा नावाचं… आजच. जावईबापू लॅपटॉप घेऊन बसलेच आहेत म्हणते.

नको करू, बाई.

कायले म्हणजे? ती येते न.

…हॅलो? आहे का तू?… मी डोक्यानं बरा आहे. पहिले ऐक. सांज झाली का तिच्या नावासमोर तो हिरवा दिवा लागते. मग ती येते, तलावावर. ती पोळ्याआधी गेली, तेव्हापासून. माझ्या नावाचाही एक माणूस तिनं करून ठेवला होता. ती होती तोवर मी हात नाही लावला त्याले. आता त्याले घेऊन पाळीवर उभा राहतो. ती काही लिहीत नाही. मले त्या बटनांवर लिहिता येत नाही. उभे राहतो दोघं.

रडू नको… काय? मोठ्यानं बोल… तू होती. तिचं नाव लावून तू येत होती, तुझ्या डब्यावरून. बाबा एकटे बसतात म्हणून.

माहीत होतं मले.

अगं, पहिल्याच दिवशी. तू उड्या मारते. बांधीतून सरळ उड्या मारत येते, धान तुडवत. तुझी माय कधी उभ्या धानात पाय टाकणारी होती का? खोटं का असेना. ती पाळीनं फिरून येई, लांब पडे तरी… नाही, राग कायचा? पोरगी येते, तेही बरंच आहे म्हटलं. म्हणून बोललो नाही.

पण बाई, तुझा डबा दसऱ्याले जळला न? तूच सांगतलं, दुरुस्तीले दुकानात पडला आहे म्हणून… अजून तिथंच. बरं. मग मोबाइलवरून, कशावरून खेळली का तू नंतर?… एकदाही नाही.

मग दसऱ्यानंतर कोण येऊन राहिली?

…

चोर. पासवर्ड चोरला कोणी, असं जावईबापू म्हणतात. त्याईले विचार, चोर येऊन तुडूम बंद करते का?… तुडूम गं, तलावाचं पाणी बांधीत सोडायचं तोंड. तू नेहमी उघडं टाकून जात होती. काल तिनं येऊन बंद केलं. धान पिकलं का पाणी बंद करा लागते, हे चोराले कोण सांगन?… अन् पाळीनं येते. उडी मारत नाही.

उद्या कर न बंद. आज राहू दे… भीती वाटते? तिची?

…माझी.

मी तिच्यामागं जाईन म्हणून.

नाही जात, बाई. धान चुरायचं आहे.

बरं… बरं, कर. तुले झोप लागत नसन तर कर. मी आहे फोनवर… हो, थांबतो.

…झालं? इतक्यात?… कुठंच नाही राहिलं आता नाव. ना तुमच्याकडं, ना इकडं. बरं.

हो, जेवतो. दिवाही लावतो. तू बी जेवून घेजो, अन् जावईबापूले… थांब.

थांब जरा.

दिवा लागला… घरातला नाही. तिच्या नावासमोरचा.

नेट कुठून असन, पुष्पा? तुझ्याशीच तर बोलून राहिलो.

हो, हो, ऐकून राहिलो… जुनं चित्र अटकलं असन म्हणतात. असन. पण अटकलेलं चित्र चालते का, बाई?… पाळीनं येऊन राहिली. फिरून.

रडू नको… नाही, मी कुठं जात नाही. सांगतलं न, धान चुरायचं आहे.

हो. तिलेही तेच सांगतो. ठेव.