गेटची तार आणि माझा तक्रारअर्ज

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले पाहुणे, आज ज्यांना आपण निरोप देतोय ते आपल्या छंदवर्गाचे मास्तर, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि समोर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या लेकीसुनांनो, जावयांनो, नातवंडांनो, सगळ्यांना मनापासून नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. देताना चिटणीस तीनदा म्हणाले, "आजी, दोनच शब्द बरं का." एवढं बजावून सांगायचं कारण काय, ते मला अजून कळलेलं नाही. पण मी आज फार खुशीत आहे, त्यामुळे सोडून देते.

माझी शाळा तिसरीत सुटली. पुढची सव्वीस वर्षं मी एका दुकानात पंखे आणि पाण्याचे पंप भरले. भरायचे म्हणजे जळालेली तार उपसून काढायची आणि नवे वेढे घालायचे. त्या कामात संशय घ्यावाच लागतो. गिऱ्हाईक म्हणतं, काल चालू होता, आज आपोआप बंद पडला. आपोआप काही बंद पडत नाही. मालक म्हणतो, तार नवी आहे. मी नखाने खरवडून बघायची. अशी सवय लागली की ती घरी येते. आमची सूनबाई म्हणते, आई दुधाच्या पिशवीकडेसुद्धा चोरासारखं बघतात. आता दूध पातळ असेल तर कसं बघायचं?

तर माझी नात इथे रविवारच्या वर्गाला यायला लागली आणि कॉइलचं काम म्हणून मी पण मागोमाग आले. तिला करायची होती उडती कडी. खाली मोठी कॉइल, वर ॲल्युमिनियमची कडी, कॉइलला क्षणभर जोराचा झटका द्यायचा की कडी छताकडे जाते. तो झटका सोडायचा कोणी? ट्रान्झिस्टरने. अंगठ्याएवढा काळा तुकडा, तीन पाय, आणि एवढी मोठी वीज अडवून धरतो. मला तेव्हाच तो जरा जास्त शहाणा वाटला.

मास्तरांनी मला समजावलं होतं. तीन पायांतला एक गेट. त्याला वीज थोडीशीच द्यायची, पण स्पष्ट द्यायची. उघड म्हटलं की पूर्ण उघड, मिट म्हटलं की पूर्ण मिट. अर्धवट ठेवलं की तापतो आणि मरतो. म्हणून मध्ये ड्रायव्हर नावाची चकती, ती त्याला ठणकावून सांगते. कोणी काहीच सांगत नसेल तेव्हा त्याने मिटूनच राहावं, म्हणून गेटपासून खाली एक रेझिस्टर. कॉइल बंद करताना उलटी उसळी मारते, ती वळवायला डायोड. आणि झटक्याची वीज ज्यात साठवलेली असते तो कंडेन्सर रिकामा झालाय हे मीटरवर दिसल्याशिवाय बोट लावायचं नाही, चष्मा काढायचा नाही. हे शेवटचं ते इतक्यांदा सांगायचे की माणसाच्या मनात येईल, यांना आपल्याला बोट लावू द्यायचं नाहीये.

नातीने सगळं जोडलं. कॉइल मी भरली, तारा मी बांधल्या. बटण दाबलं. फट् झालं, आणि कडी जागची हलली नाही. ट्रान्झिस्टरला वरून छोटा खड्डा पडला होता.

पुढच्या रविवारी दुसरा गेला. त्याच्या पुढच्या रविवारी तिसरा.

आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी कोणीही काय समजलं असतं? ट्रान्झिस्टर कुठून यायचे? मास्तरांच्या खणातल्या पत्र्याच्या डबीतून. डबीला कुलूप. मेलेला कोण परत घ्यायचं? मास्तर. भिंगाखाली धरायचे, वहीत काहीतरी लिहायचे, आणि मी जवळ गेले की वही मिटायचे. मी विचारलं, "मास्तर, मेलेल्याचं एवढं काय बघता?" तर म्हणाले, "कशाने मेला ते बघतो, आजी." मी म्हटलं, "मग सांगा, कशाने?" तर हा माणूस छताकडे बघून म्हणतो, "अजून नक्की नाही." सव्वीस वर्षांत मला छताकडे बघून कोणी खरं सांगितलेलं नाही.

नात रडकुंडीला आली होती. मग मी माझ्या हाताने अर्ज लिहिला. "मास्तर मुलांना जळका माल देतात व चांगला माल डबीत ठेवतात, तरी चौकशी व्हावी." अध्यक्षसाहेबांनी तो घेतला आणि ठरलं, की मास्तरांनी समितीसमोर ही कडी उडवून दाखवायची, नाहीतर वर्ग दुसऱ्याकडे जाईल. नातीला कळल्यावर ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली ते एवढंच, "आजी, अकरा वर्षं झालीत त्यांना हा वर्ग चालवून."

तो रविवार इथल्या बऱ्याच जणांनी पाहिलाय. समिती खुर्च्यांवर, मी पहिल्या रांगेत. मास्तरांनी डबीतून ट्रान्झिस्टर काढला, मी तो डोळे बारीक करून बघितला. त्यांनी बसवला. मग कात्री घेऊन ड्रायव्हरपासून गेटपर्यंतची तार कापली आणि बोटाएवढे दोन तुकडे एकमेकांभोवती पिळून तिथे जोडले. सगळ्यांना चष्मे लावले. "मागे सरा" म्हणाले. बटण नातीने दाबलं. कडी त्या तिथे, त्या पंख्याच्या दांडीला लागून खाली आली. माझी नात अशी हसली की मला तिचं लहानपण आठवलं. आणि मास्तर समितीला म्हणाले, "गेटची तार किती लांब घ्यायची ते मी ड्रॉइंगवर लिहिलं नव्हतं. चूक माझी आहे."

नोंदवहीत तसं लिहिलं गेलं. "शिक्षकांनी चूक मान्य केली. समज देण्यात आली." आणि मी? मी वर्षभर गल्लीत सांगत फिरले, बघा, मी म्हणत नव्हते? वर्गात मास्तरांनी पाटी लावली, "गेटची तार बोटापेक्षा लांब दिसल्यास कापण्यात येईल, कोणाचीही असो." मी ती येणाऱ्या प्रत्येकाला मोठ्याने वाचून दाखवायची.

गेल्या आठवड्यात मास्तर जाणार म्हणून कपाट आवरायला मी आले. ती वही हाताला लागली. मिटलेली वही मी न उघडता ठेवीन असं इथे कोणाला वाटतंय का? उघडली. एका पानावर नातीच्या कडीचं ड्रॉइंग. त्यावर ठळक अक्षरात, "गेटची तार बोटभर, जोडीने पिळून." तारीख नातीने कडी जोडायला घेतली त्याच्या आधीची. समोरच्या पानावर तीन मेलेले ट्रान्झिस्टर चिकटवलेले, आणि खाली लिहिलेलं, "तार दीड हात. छान गोल गुंडाळून दोऱ्याने बांधली आहे, मोठ्या कॉइलच्या शेजारी. आजींनी बांधली. सांगायचे कसे?"

चांगली तार कापायची नाही, उरली तर गोल गुंडाळून बांधायची, ही माझ्या दुकानातली शिस्त. पण एका गुंडाळीला झटका दिला की शेजारच्या गुंडाळीतही झटका उमटतो, हे या सभागृहात माझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत होतं? त्याच्यावर तर मी पोट भरलं. तोच उमटलेला झटका गेटला बसायचा आणि ट्रान्झिस्टर मरायचा. मी डबीवर संशय घेतला, कुलपावर घेतला, मास्तरांच्या भिंगावर घेतला. माझ्या हातांवर काही घेतला नाही.

मी वही घेऊन सरळ त्यांच्यासमोर गेले.

"मास्तर, समितीसमोर खोटं बोललात."

"आजी, ती तार तुम्ही इतकी सुबक बांधली होती."

"गोड बोलू नका. गोड बोलणाऱ्याचा मला जास्त संशय येतो."

मग म्हणाले, "तुमचं नाव घेतलं असतं तर तुम्ही दुसऱ्या रविवारी आला असता का?"

"नसते आले."

"झालं तर. या वर्गात एकसारखे वेढे घालणारं दुसरं आहे कोण?"

म्हणजे बघा, माझी गरज होती म्हणून. की हेही सांगायचं म्हणून सांगितलं? मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. या वेळी छताकडे बघत नव्हते.

आता माझं खरं काम. नोंदवहीतली ती ओळ खोडा, असं मी अध्यक्षसाहेबांना परवा म्हटलं. ते म्हणाले, नोंद खोडता येत नाही, सभेने ठरवलं तर खाली नवी लिहिता येते. बरं, अध्यक्ष इथे बसलेत. सभासद समोर बसलेत. नोंदवही मी चिटणीसांच्या टेबलावरून घेऊन आले आहे, ते केव्हाचे ती शोधतायत. तर ठराव असा: "तीन ट्रान्झिस्टर आजींनी बांधलेल्या तारेमुळे गेले. मास्तरांचं ड्रॉइंग बरोबर होतं." ज्यांना पटतंय त्यांनी हात वर करावेत.

मागच्या रांगेतल्यांनो, तुमचेही दिसू द्या. सूनबाई, तुझा एवढा घाईने वर गेला त्याचं आपण घरी बघू. मास्तर, मान हलवू नका, तुम्ही सभासद नाही. अध्यक्षसाहेब, सही इथे. तारीख पण घाला, मी वाचून बघणार आहे.

झालं. मास्तर, वहिनी, नव्या गावी सुखाने राहा. तुम्ही सगळ्यांनी माझं ऐकून घेतलं, तुमचे उपकार आहेत. बोलण्याच्या भरात काही कमी-जास्त निघून गेलं असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर पोटात घाला. आणि ती चूक कोणाच्या तरी नावावर टाकायचीच असेल तर माझ्या टाका. या खेपेला मास्तरांना मध्ये पडू देऊ नका.