गरमच नाय ग

माझा जन्म मिठागरातला. म्हणजे झाला तसा घरातच, पण आईनं दुसऱ्या आठवड्यापासून मना बांधावर निजवलं आनी स्वतः मीठ ओढायला उतरली, म्हणून तसं म्हणते. लग्न होऊन इकडं पनवेलकडं आले ती पण मिठागरवाल्याच्याच घरी. आता त्या आगरावर भराव पडलाय, वर कंटेनर रचलेत, ते ऱ्हाऊदे.

आमच्या लोकांना पायाचा भारी गर्व. खारं पाणी चिरांत जाऊन जाऊन तळवा असा होतो की खडा रुतला तरी कळत नाय. ज्याला कळतं तो नवशिका. त्यामुळं आमच्या ह्यांना, म्हणजे माझ्या मालकांना, साखर निघाली आनी डॉक्टरनं विचारलं पाय बधिर वाटतात काय, तवा मीच मधी तोंड घातलं, अवो मिठागरवाल्याचा पाय हाय, बधिरच असणार. डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या. मना वाटलं मी जिंकले.

काय सांगू तुमाला, ती बाई, म्हणजे मीच, पन्नाशीची, मोठी वैदीण झालेली. कुणीतरी सांगितलं कारल्याचा रस नि जांभळाच्या बियांची पूड घ्या, दोन महिन्यांत गोळ्या सुटतात. मी दोन दिवसांत सोडवल्या. कडू बघून साखर पळते म्हणे, जशी सासू बघून सून. एवढी माझी अक्कल. हे रस प्यायचे आनी म्हणायचे, ह्याच्यापुढं तुझ्या हातचं जेवण पण गोड लागतं.

मग एकदा चपलेतून खिळा वर आला, हे दिवसभर त्याच्यावर चालले, आनी संध्याकाळी लादीवर रक्ताचे ठसे मीच बघितले. आमच्यात जखमेला एकच औषध, मिठाचं गरम पाणी. घमेल्यात ओतलं, पाय ठेवला. भाजतंय काय, तर नाय. अजून ओतलं. गरमच नाय ग, अजून घाल, ते म्हणाले. मी घातलं. वाफेनं माझं तोंड ओलं झालं, आनी मी मनात म्हणते, काय मर्द हाय माझा नवरा. पाय काढला तर कातडी पाण्यातच ऱ्हायली, आनी ते माझ्याकडं बघून हसत होते, त्यांना कळलंच नव्हतं.

पाय गुडघ्याखालून कापला. दीड वर्ष खाटेवर बसून ऱ्हायले, मग गेले. एकदा पण मना बोलले नाय. बोलले असते तर बरं झालं असतं. आता पाणी तापायला लागलं ना, बुडबुडे फुटायच्या आधी जो बारीक आवाज येतो, त्याच्यात मना ऐकू येतं, अजून घाल.

मग माझी पण साखर निघाली. गोळी चुकवत नाय. कारलं खाते, कांदा घालून, भाजी म्हणून, कारल्याचा काय दोष नव्हता. रोज सकाळी नात, श्रावणी, माझ्या तळव्यांखाली आरसा धरून बघते. मी म्हणते, बघ ग, ह्या पायांना कुणी मागणी घालंल काय. ती म्हणते, आजी, पाय हलवू नको.

गेल्या मंगळवारी मोरीत बसले, बादलीत डावा पाय घातला. गरमच नाय ग, म्हटलं, अजून घाल. शब्द तोंडातून गेला आनी मी पाय बाहेर ओढला. श्रावणीनं बोटं बुडवली नि झटकन काढली. आजी, चटका बसतोय.

डॉक्टरकडं गेलो. डोळे मिटायला लावले, पायाला बारीक तारेसारखं काय टोचायचे नि विचारायचे, लागलं काय. मी लबाड, अंदाजानं हो हो म्हणत ऱ्हायले, तर त्यांनी टोचलंच नव्हतं तवा पण हो म्हटलं. ते म्हणाले, आजी, आता अनवाणी फिरायचं नाय, पाणी दुसऱ्यानं बघायचं. ह्या बारीला मी मधी तोंड घातलं नाय.

आता श्रावणी आधी पाण्यात कोपर बुडवते, मग मना हाक मारते. तोवर मी दारात बसते, नव्या चपला घालून, राणीसारखी. तुमी एवढ्या लांबून आलात, माझं ऐकलंत, तर जाताना एवढंच म्हणते बाय, तुमच्या पायात काटा रुतला तर दुखू दे. चांगलं दुखू दे.